फुकटची राख सिमेंटात घालण्याआधी: कोकणातल्या नवख्यांसाठी चाचण्यांचा क्रम

कोकणात पेवर ब्लॉकचा नाहीतर सिमेंट विटांचा धंदा सुरू केला की थोड्याच दिवसांत कुणीतरी ओळखीचा निघतो आणि सांगतो, "आमच्या बॉयलरची राख पडून आहे, गाडी घेऊन या आणि न्या. पैसे नकोत." सिमेंटच्या गोणीचा भाव डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचंही तसंच. प्रोजेक्टला विषय हवा असतो, जवळच्या एमआयडीसीत कसली तरी भुकटी ढिगाने पडलेली असते, मग दहा, वीस, तीस टक्के सिमेंट काढून, त्याजागी ती घालून क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, टाकले जातात. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब फोडले, आलेख काढला, प्रोजेक्ट संपला.

हा लेख त्या दोघांसाठी आहे. क्यूब टाकणं ही या कामातली पहिली पायरी नव्हे, बरीच नंतरची आहे. आणि नेहमीच्या पद्धतीने क्यूब फोडून ती भुकटी सिमेंटचं काम करते की नुसती जागा अडवते, हे कळतही नाही.

सिमेंटला पाणी लागलं की दोन गोष्टी तयार होतात: ताकद देणारा जेल आणि त्याच्यासोबत मोकळा चुना. हा चुना ताकदीला फारसा उपयोगी नाही. बारीक दळलेली आणि काचेसारख्या अवस्थेतली सिलिका-ॲल्युमिना त्या चुन्याला भेटली तर त्यातून आणखी जेल तयार होतो. अशा मालाला पोझोलाना म्हणतात. आपल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतंच; चुन्यात भाजक्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, घालायचे ते याचसाठी. फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेली बारीक राख, हा पोझोलाना. लोखंडाच्या झोतभट्टीचा पाण्याने झटकन थंड केलेला स्लॅग, म्हणजे वितळलेली मळी, थोडा वेगळा: त्यात स्वतःचंच कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून थोडी चालना मिळाली की तो जवळजवळ सिमेंटसारखाच घट्ट होतो. बाकी बहुतेक भुकट्या या दोन्हींत बसत नाहीत. त्या फक्त भराव.

माल कुठला आहे ते आधी नक्की करा

कोकणपट्टीत काय काय मिळतं त्याची उजळणी करू. जयगडला १२०० मेगावॅटचं आणि डहाणूला ५०० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र आहे. तिथली फ्लाय ॲश हा सर्वांत भरवशाचा माल. दाभोळच्या प्रकल्पात राख मिळेल का असं नवखे हमखास विचारतात. तो प्रकल्प गॅसवर चालतो, तिथे राख नाही. पेणजवळ डोलवीला पोलाद कारखाना आहे, तिथे झोतभट्टीचा स्लॅग निघतो. दळून गोणीत भरलेला स्लॅग आयएस (भारतीय मानक) १६७१४ : २०१८ च्या प्रमाणपत्रासह घेत असाल, तर पुढच्या निम्म्या चाचण्या तुम्हाला करायच्या नाहीत, अधूनमधून पडताळणी पुरे.

मात्र "स्लॅग" एवढंच ऐकून गाडी भरू नका. झोतभट्टीचा स्लॅग वेगळा आणि पोलाद बनवताना निघणारा स्लॅग वेगळा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात पोलादाचा स्लॅग वापरून रस्त्याचा तुकडा केलेला आहे, पण तिथे तो खडी म्हणून वापरला आहे. त्यात न विरलेला चुना आणि मॅग्नेशिया राहू शकतो. तो महिन्यांनी पाणी पिऊन फुगतो आणि घट्ट झालेलं काँक्रीट आतून फोडतो. दळून सिमेंटात घालायला तो नवख्यांचा माल नाही.

मग लोटे, महाड, रोहा, तारापूर इथल्या एमआयडीसीतल्या बॉयलरांची राख. इथे एकच प्रश्न विचारायचा: बॉयलरमध्ये काय जाळता? कोळसा, लाकूड, भाताचा तूस, ब्रिकेट, काजूची टरफलं, की मिळेल ते? लाकूडफाटा आणि टरफलांच्या राखेत पोटॅशसारखे अल्कली जास्त असतात, त्यामुळे खडीतल्या काही प्रकारच्या सिलिकाशी त्यांचं वाकडं येऊ शकतं. तुसाची राख चांगली निघू शकते, पण ती कशी जळली यावर सगळं अवलंबून. साधारण ७०० अंशांच्या आत, हवा नीट मिळून जळली तर करडी-पांढरी आणि कामाची. काळी कुळकुळीत असेल तर कोळसा उरलाय. गुलाबीसर झाक असेल तर बहुधा जास्त भाजली गेली आणि सिलिका स्फटिक झाली.

याशिवाय चिरेखाणीतली लाल भुकटी आणि कासार्डे भागातल्या सिलिका वाळूच्या धुण्यातला बारीक गाळ. चिऱ्याची कच्ची भुकटी पोझोलाना नाही. त्यातल्या केओलिन मातीला ६०० ते ८०० अंशांवर भाजलं तर ती जागी होते, पण मग भट्टीचा खर्च आला. सिलिका वाळूचा गाळ मात्र आपल्याला फार उपयोगी पडणार आहे, वेगळ्याच कारणासाठी. त्याच्याकडे परत येतो.

कागद आधी, गाडी नंतर

रासायनिक कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पातला गाळ, न्यूट्रलायझेशनचा पांढरा चिखल, ऊर्ध्वपातनाचा तळाचा रेंदा: यातलं काहीही "जिप्समसारखं आहे" म्हणून कुणी देऊ केलं तर हात लावू नका. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू होतात, आणि नियम ९ प्रमाणे अशा कचऱ्याचा वापर करायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. घातक माल जायची जागा तळोज्यासारख्या ठिकाणची सामाईक विल्हेवाट सुविधा आहे, तुमचा मिक्सर नव्हे. माल देणाऱ्या कारखान्याच्या संमतिपत्रात हा कचरा कोणत्या वर्गात दाखवला आहे, ते पान मागून घ्या. पान द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा. फुकट मिळणाऱ्या मालाचा हा सगळ्यात स्वस्त निकष आहे.

वीजकेंद्राच्या राखेचं उलट आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्रांवर राखेचा शंभर टक्के वापर करायची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे माल द्यायला ते तयारच असतात. फक्त विचारायचं ते हे की राख ईएसपीच्या, म्हणजे धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्रणेच्या, हॉपरमधली कोरडी आहे की तळ्यातली ओली. कोरडीच घ्या. तळ्यातली राख भरावाला किंवा विटांना चालेल. सिमेंटच्या जागी घालायला ती जाड, ओली आणि दर खेपेला वेगळी असते.

नमुना

ढिगाच्या वरून दोन घमेली उचलून आणली की तो नमुना झाला नाही. वारा बारीक राख उडवून नेतो, पाऊस वरचे क्षार धुऊन काढतो, तळाला ओल धरते. ढिगाच्या वेगवेगळ्या जागी, वरची वीतभर राख बाजूला सारून आतला माल घ्या. सगळा ताडपत्रीवर एकत्र करा, फावड्याने शंकूसारखी रास घाला, चपटी करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. पाच-सहा किलो उरेपर्यंत हेच. निम्मा माल बंद डब्यात लेबल लावून कपाटात ठेवून द्यायचा आणि त्याला हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी कुणी तक्रार घेऊन आला की तोच डबा बोलतो.

लेबलवर तारीख, जागा, इंधन आणि आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता का, एवढं तरी असू द्या. जून ते सप्टेंबरात उघड्यावरचा नमुना घेतला असेल तर त्यातल्या क्षारांचे आकडे वर्षभरासाठी धरू नका. कोकणातल्या पावसात ते धुऊन गेलेले असतात. उन्हाळ्यात तोच ढीग वेगळा निघेल.

एका दुपारच्या चाचण्या

लॅबला पैसे भरण्याआधी एवढं घरच्या घरी होतं. हातमोजे आणि चष्मा घालून.

चिमूटभर माल काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. काळा तवंग वर आला तर कोळसा जळायचा राहिलाय. हा कोळसा काँक्रीटमधलं ॲडमिक्स्चर (मिश्रणात घालायचं रसायन) पिऊन टाकतो आणि पाणीही जास्त मागतो.

माल ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुऊन बघा. फ्लाय ॲशसाठी वर राहणारा भाग ३४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असं आयएस ३८१२ भाग १ सांगतं. बॉयलरची राख बहुतेकदा इथेच आपटते. ती दळावी लागणार, म्हणजे दळण्याचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

थोडा माल विरलेल्या चुन्याच्या निवळीत कालवून बरणीचं झाकण लावा, दहा मिनिटांनी उघडा. डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर अमोनिया आहे. बरणीत बुडबुडे सतत येत राहिले तर धातूच्या ॲल्युमिनियमचा संशय घ्या. तो हायड्रोजन सोडतो, ब्लॉक पावासारखा फुगतो. आसपास काडी पेटवू नका.

आणि मीठ. पाच ग्रॅम माल पन्नास मिली डिस्टिल्ड पाण्यात ढवळून गाळा. गाळलेल्या पाण्यात आधी सौम्य नायट्रिक आम्लाचे काही थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. आम्ल आधी का? राखेचं पाणी अल्कधर्मी असतं. आम्ल न घालता सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर तपकिरी साका बसतो आणि बघणारा गोंधळतो. आम्लानंतर दुधासारखा पांढरा गढूळपणा आला तर क्लोराइड आहे. खाडीकाठच्या किंवा खाडीच्या पाण्याने भिजवलेल्या ढिगात तो हमखास दिसतो. किती आहे ते लॅब सांगेल.

लॅबचा रिपोर्ट वाचताना

एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून एक्सआरएफ (क्ष-किरणांनी कोणती ऑक्साइडं किती ते मोजणं), प्रज्वलन घट, क्लोराइड आणि जमल्यास एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक की काच ते बघणं) करून घ्या. कॉलेजच्या मुलांनी एक्सआरडीसाठी आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत विचारून बघावं. फ्लाय ॲशसाठी बघायचे आकडे: सिलिका, ॲल्युमिना आणि लोह ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के, मॅग्नेशिया कमाल ५, सल्फर ट्रायऑक्साइड कमाल ३, क्लोराइड कमाल ०.०५, प्रज्वलन घट, म्हणजे ९०० अंशांच्या वर जाळल्यावर कमी होणारं वजन, कमाल ५ टक्के.

इथे नवखे फसतात. "सिलिका ९० टक्के" असं वाचलं की माल पास असं वाटतं. एक्सआरएफचा सिलिकाचा आकडा म्हणजे न सोललेल्या नारळाचं वजन. आत खोबरं किती ते त्यावरून कळत नाही. कासार्ड्याच्या वाळूच्या गाळातही सिलिका भरपूर आहे, पण ती क्वार्ट्झ. नेहमीच्या तापमानाला क्वार्ट्झ चुन्याशी बोलत नाही. एक्सआरडीच्या आलेखात टोकदार शिखरं म्हणजे स्फटिक, आणि पायथ्याशी पसरट कुबड दिसलं तर काच आहे. आपल्याला ते कुबड हवं. म्हणूनच मानकात एकूण सिलिकेशेजारी क्रियाशील सिलिकेचा वेगळा निकष दिला आहे, किमान २० टक्के. रिपोर्टमध्ये तो आकडा मागून घ्या. बऱ्याच लॅब मागितल्याशिवाय देत नाहीत.

चुन्याशी थेट गाठ

आता आयएस १७२७ मधली लाइम रिॲक्टिव्हिटी चाचणी. यात सिमेंट अजिबात नाही. विरलेला चुना, तुमचा माल आणि एन्नोरची प्रमाणित वाळू यांचे ५० मिलिमीटरचे क्यूब. चुना १५० ग्रॅम, माल ३०० गुणिले एम, वाळू १३५० ग्रॅम. एम म्हणजे मालाची विशिष्ट घनता भागिले चुन्याची. म्हणजे घनता आधी मोजायची, पुस्तकातून उचलायची नाही. पाणी फ्लो टेबलवर ७० टक्के फ्लो, म्हणजे मिश्रणाचा पसरटपणा, येईल इतकं. साच्यात ४८ तास २७ अंशांना, मग आठ दिवस ५० अंशांना दमट हवेत. दहाव्या दिवशी फोडायचे. फ्लाय ॲशला किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर लागतात.

चार व्यावहारिक गोष्टी, कारण ही चाचणी बिघडते ती यांच्यामुळेच. चुना ताजा हवा. उघड्या पोत्यातला चुना कोकणातल्या दमट हवेत लवकर मरतो, कार्बोनेट होऊन बसतो, आणि मग चांगली राखही नापास दिसते. हवाबंद डब्यातला लॅब दर्जाचा घ्या.

दुसरी, वीज. आठ दिवस सलग ५० अंश म्हणजे आठ दिवस सलग ओव्हन. जुलैत आपल्याकडे तारेवर फांदी पडली की दोन दिवस लाइट नसते. इन्व्हर्टर किंवा जनरेटर नसेल तर ही चाचणी पावसाळ्याआधी उरका.

तिसरी, ओलावा. ओव्हन कोरडा असतो. क्यूब उघडे ठेवले तर सुकतात आणि चुन्याची क्रिया थांबते. झाकणाच्या डब्यात तळाला पाणी, वर जाळी, जाळीवर क्यूब.

चौथी, मशीन. ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर म्हणजे या छोट्या क्यूबवर फक्त सव्वाअकरा किलोन्यूटन भार. बांधकामाच्या लॅबमध्ये १५० मिलिमीटरच्या क्यूबसाठी २००० किलोन्यूटनचं मशीन असतं. त्यावर हा भार म्हणजे काटा शून्यावरून जेमतेम उठतो. तिथला आकडा रिपोर्टवर दोन दशांशांत छापलेला असला तरी त्याला अर्थ नाही. कमी क्षमतेचं मशीन कुठे आहे ते साचे भरण्याआधी शोधा.

क्यूबचे तीन संच

आता सिमेंट. आयएस १७२७ प्रमाणे एक संच निव्वळ सिमेंटचा: ५०० ग्रॅम सिमेंट, १५०० ग्रॅम प्रमाणित वाळू. दुसरा संच तुमच्या मालाचा: ४०० ग्रॅम सिमेंट, १५०० ग्रॅम वाळू आणि माल १०० गुणिले एन, जिथे एन म्हणजे मालाची विशिष्ट घनता भागिले सिमेंटची. राखेची घनता २.२ आणि सिमेंटची ३.१५ धरली तर एन साधारण ०.७, म्हणजे ७० ग्रॅम राख. शंभर ग्रॅम सिमेंट काढलं तर शंभर ग्रॅम राख घालायची, हा हिशेब इथे चालत नाही. अदलाबदल घनफळाची आहे. दोन्हींना फ्लो १०५ टक्के येईल इतकं पाणी. फ्लाय ॲश असेल तर २८ दिवसांना मालाच्या संचाची ताकद निव्वळ सिमेंटच्या संचाच्या किमान ८० टक्के हवी. दळलेल्या झोतभट्टीच्या स्लॅगचा निकष वेगळा आहे, तिथे स्वतःचं मानक लावा.

मानकाप्रमाणे इतकंच पुरतं. माझं म्हणणं असं की इतकं पुरत नाही. वीस टक्के सिमेंट काढून त्याजागी अगदी निष्क्रिय पण बारीक भुकटी घातली तरी ताकद ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहू शकते. बारीक कणांच्या पृष्ठभागावर सिमेंटचा जेल धरायला जागा मिळते, आणि उरलेल्या सिमेंटला वाट्याला पाणीही जास्त येतं. म्हणजे पास झालेला माल पोझोलाना असेल, किंवा नुसती दळलेली वाळू असेल. आकड्यावरून फरक कळत नाही.

म्हणून तिसरा संच टाका: सिलिका वाळूचा गाळ वाळवून, तुमच्या मालाइतकाच बारीक दळून, त्याच घनफळात. बारीकपणा सारखा आहे हे ब्लेन उपकरणावर तपासा. फ्लाय ॲशची किमान मर्यादा ३२० चौरस मीटर प्रति किलो आहे, दोन्ही भुकट्या त्याच्या आसपास आणि एकमेकींच्या जवळ आणा. बारीकपणा वेगळा असेल तर तुलना फुकट जाते. मग सात, अठ्ठावीस आणि नव्वद दिवसांना तिन्ही संच फोडा, प्रत्येक वेळी प्रत्येकी तीन क्यूब.

समजा अठ्ठावीसला तुमचा माल ८४ टक्के आणि दळलेली वाळू ८२ टक्के आली. कागदावर पास. पण तुम्ही मोठ्या खर्चाने वाळूच घालताय. नव्वदला माल ९८ टक्के आणि वाळू ८१ राहिली, तर तो सावकाश काम करणारा पोझोलाना आहे आणि त्याच्यासाठी थांबणं फायद्याचं आहे. सात दिवसांचा आकडा चांगल्या फ्लाय ॲशचाही कमी येतो, त्याने घाबरू नका. सात दिवसांनाच माल निव्वळ सिमेंटच्या पुढे गेला तर मात्र संशय घ्या. बारीकपणा, अल्कली किंवा वजनातली गडबड यांपैकी काहीतरी असतं.

नव्वद दिवस थांबायला वेळ नसेल तर आर-थ्री नावाची चाचणी आहे, अमेरिकन मानक एएसटीएम सी १८९७. मालाच्या एका भागाला तीन भाग विरलेला चुना आणि अर्धा भाग चुनखडीची भुकटी, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम सल्फेटच्या पातळ द्रावणात कालवायची, बंद डब्यात ४० अंशांना सात दिवस ठेवायची. मग आधी ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून, नंतर ३५० अंशांना मफल भट्टीत तापवून किती वजन घटलं ते बघायचं. तेच मालाने बांधून ठेवलेलं पाणी. कॅलरीमीटरने उष्णताही मोजतात, पण आपल्या कॉलेजांत मफल भट्टी सहज असते. इथेही शेजारी दळलेल्या वाळूचा डबा ठेवा. तिचा आकडा आणि तुमच्या मालाचा आकडा यांत ठळक अंतर नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

सेट होणं आणि फुगणं

वायकॅटच्या सुईच्या उपकरणावर सेटिंग टाइम, म्हणजे घट्ट व्हायला लागणारा वेळ, बघा. सुरुवात ३० मिनिटांच्या आत नको, शेवट ६०० मिनिटांच्या पुढे नको. जस्त, शिसं, फॉस्फेट किंवा साखरेसारखं काही मालात असेल तर सेटिंग रेंगाळतं, आणि ते क्यूबमध्ये कळायच्या आत इथे कळतं. फुगण्यासाठी ल शातलिए साचा, मर्यादा १० मिलिमीटर. मॅग्नेशियाचा संशय असेल तर ऑटोक्लेव्हही (दाबाच्या वाफेतली चाचणी), मर्यादा ०.८ टक्के, कारण ल शातलिएमध्ये मॅग्नेशिया गप्प बसतो.

समुद्राचा हिशेब

घाटावर इथपर्यंत काम संपलं असतं. कोकणात नाही.

सळई असलेल्या काँक्रीटमध्ये एकूण क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या वर नको, असं आयएस ४५६ म्हणतं. घनमीटरला ३६० किलो बंधक (सिमेंट आणि राख मिळून) धरा, त्यात पाव भाग तुमची राख, म्हणजे ९० किलो. राखेत क्लोराइड ०.०५ टक्के असेल तर ४५ ग्रॅम आले, चालेल. ०.५ टक्के असेल तर ४५० ग्रॅम. मर्यादेचा तीनचतुर्थांश एकट्या राखेने खाल्ला. वाळू, खडी आणि पाणी अजून यायचेच आहेत. पाणी म्हटलं तर खाडीजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. सळईच्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइडचं पाणी चालत नाही.

पेवर ब्लॉकमध्ये सळई नसते, म्हणून मर्यादा सैल आहे, घनमीटरला ३ किलो. पण खारट मालाचे ब्लॉक पहिल्या पावसानंतर पांढरे पडतात, लोणा लागतो, आणि गिऱ्हाईक हप्ता अडवून बसतं.

दुसरी बाजू अशी की चांगला पोझोलाना किंवा स्लॅग काँक्रीटची छिद्रं बारीक करतो आणि बाहेरून आत येणारं मीठ थोपवतो. किनाऱ्यावर या मालाचं खरं मोल तेच. गोणीमागे वाचलेले पैसे हा त्यातला लहान भाग. ते तपासायला क्लोराइड प्रवेशाची आरसीपीटी चाचणी करा: १०० मिलिमीटर व्यासाची, ५० मिलिमीटर जाडीची चकती, ६० व्होल्ट, सहा तास. एकूण विद्युतभार ४००० कूलंबच्या वर गेला तर मीठ सहज शिरतं, १००० ते २००० मध्ये आला तर चांगलं. राखेच्या काँक्रीटला ही चाचणी २८ दिवसांना करून नापास ठरवणं अन्याय आहे. ५६ किंवा ९० दिवसांना करा. आणि इथेही तीन संच.

किनाऱ्यालगतच्या बांधकामासाठी आयएस ४५६ मध्ये "तीव्र" वर्ग येतो: किमान एम ३० (२८ दिवसांना ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं काँक्रीट), पाणी-सिमेंट प्रमाण कमाल ०.४५, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट. भरतीच्या पट्ट्यात एम ४० आणि ०.४०. राख घातली म्हणून हे आकडे खाली येत नाहीत; फक्त मानकाच्या मर्यादेतली फ्लाय ॲश किंवा दळलेला स्लॅग त्या सिमेंटात धरता येतो. एमआयडीसीच्या बॉयलरची राख, कितीही पास झालेली असो, जेटीच्या किंवा घराच्या सळईच्या कामात मी घालणार नाही; तिथे प्रमाणपत्राची फ्लाय ॲश नाहीतर दळलेला स्लॅग, बस्स. बॉयलरच्या राखेची जागा बिनसळईच्या ब्लॉकमध्ये.

कारखान्यात आणताना

ब्लॉकचा पहिला घाणा काढताना दहा टक्क्यांपासून सुरुवात करा. आयएस १५६५८ प्रमाणे पायवाटेच्या पेवरला एम ३० लागतो, हलक्या वाहतुकीला एम ३५, आणि पाणी शोषणं सरासरी ६ टक्क्यांच्या आत हवं. ताकदीत पास झालेले राखेचे ब्लॉक अनेकदा पाणी शोषण्यात अडकतात, कारण राख जास्त पाणी मागते आणि मिक्सरवरचा माणूस नजरेच्या अंदाजाने बादली ओततो. त्याला मापाची बादली द्या. राखेच्या ब्लॉकचं क्युरिंग दोन-चार दिवसांनी थांबवू नका. पोझोलानाचं काम तेव्हा कुठे सुरू होत असतं.

पुरवठा सुरू झाल्यावर प्रत्येक गाडीला चाळणी, तवंग आणि सिल्व्हर नायट्रेट या तीन चाचण्या, गाडी रिकामी करण्याआधी. महिन्यातून एकदा प्रज्वलन घट. लाइम रिॲक्टिव्हिटी आणि तीन संचांचे क्यूब तेव्हा, जेव्हा इंधन बदलेल. हे बदललेलं मालक सांगत नाही, त्याला ते महत्त्वाचं वाटतच नाही. बॉयलरवरच्या ऑपरेटरचा नंबर घेऊन ठेवा आणि काजूचा हंगाम सुरू झाला की मार्चच्या सुमारास त्याला विचारा, सध्या काय जाळताय.